पिवळ्या पानाला युरिया, पिवळ्या डोळ्याला माळ



जिल्हा बैठकीत भाताचा भाव, खरेदी केंद्र, विजेचे बिल आणि जमीन संपादन हे विषय असणारच. ते दर वेळी असतात आणि सुटेपर्यंत असलेच पाहिजेत. त्यांच्या शेजारी या वेळी आम्ही आणखी एक विषय ठेवतो आहोत. पित्ताच्या खड्याने अडलेली पित्तनलिका, त्यातून होणारी कावीळ आणि तिचा इलाज. काहींना वाटेल, हे डॉक्टरांचे काम. चळवळीचा यात संबंध काय? तो संबंध आहे की नाही हे पुढचे वाचून तुम्हीच ठरवा.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. ही कावीळ औषधाने उतरत नाही, अडलेली नळी मोकळी करावी लागते. पोट न फाडता ती मोकळी करण्याची विद्या जगात १९७४ सालापासून आहे, आणि चार छोट्या भोकांतून पित्ताशय काढण्याची विद्या मुंबईत १९९० सालापासून आहे. पण कल्याणच्या पुढे, खडवलीपासून कसाऱ्यापर्यंतच्या माणसाला ती वेळेत मिळेल, अशी हमी कोणी देत नाही. भावाची हमी जशी मागून, भांडून घ्यावी लागते तशी हीही घ्यावी लागेल.

दोन काविळी, एक नाव

आम्ही शेतीशास्त्र शिकून या कामात आलो. तेव्हा सुरुवात शेतातूनच करतो. भाताचे पान पिवळे पडले की गावात एकच सल्ला मिळतो, युरिया टाका. पण पान पिवळे का पडले? नत्र कमी असेल तर आधी खालची जुनी पाने पिवळी पडतात. लोह कमी असेल तर वरची नवी पाने. खोडकिडा लागला असेल तर मधली सुरळी वाळते आणि ओढली की हातात येते. कडा करपा असेल तर पानाच्या कडेने पट्टा उतरत जातो, आणि त्यावर युरिया टाकला तर रोग आणखी चेकाळतो. रंग एकच, पण रोग चार. रंगावर औषध देणारा माणूस कधी तरी बरोबर ठरतो, म्हणून त्याचे नाव होते. तो चुकतो तेव्हा मात्र पीक जाते.

माणसाच्या डोळ्याचेही तसेच आहे. डोळे पिवळे झाले की आपण एकच शब्द वापरतो, कावीळ. पण कावीळ हा रोग नव्हे, ते रोगाचे लक्षण आहे. पावसाळ्यात दूषित पाण्यातून जी कावीळ पसरते तिच्यात यकृताला विषाणूमुळे सूज आलेली असते. ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या काळात कोणी काविळीची माळ घातली, कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पाणी पिवळे करून दाखवले, कोणी नाकात थेंब टाकले, कोणी नुसता उसाचा रस आणि फुटाणे खाल्ले. सगळे बरे झाले. श्रेय मात्र माळेला मिळाले.

दुसरी कावीळ वेगळी. तिच्यात यकृत आपले काम करत असते, पण त्याने तयार केलेला पित्तरस आतड्यात जायची वाटच बंद झालेली असते. पाटाच्या मोरीत दगड अडकला तर वरच्या अंगाला पाणी तुंबते आणि बांध फोडून नको त्या शेतात शिरते. तसा हा पित्तरस मागे तुंबतो आणि रक्तात उतरतो. डोळे पिवळे होतात, लघवी चहासारखी गडद होते. आतड्यात पित्त पोचत नाही, म्हणून शौच पांढरट, मातकट होते. अंगाला खाज सुटते. या मोरीतला दगड माळेने हलत नाही, आणि नाकातल्या थेंबाने तर नाहीच.

वैदूला शिव्या घालून आम्ही मोकळे होणार नाही. तो गावातच राहतो, रात्रीही दार उघडतो आणि अनामत मागत नाही. सरकारी व्यवस्थेने एवढे तीन गुण घेतले तर त्याच्याकडे कोणी जाणार नाही. पण तोवर त्याला एकच सांगणे आहे. शौच पांढरट असेल, पोटात वरच्या बाजूला उजवीकडे दुखत असेल किंवा थंडी वाजून ताप येत असेल, तर माळ बाजूला ठेव आणि माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात पाठव.

खडा येतो कुठून?

यकृताच्या खाली पित्ताशय नावाची छोटी पिशवी असते. यकृताने केलेला पित्तरस तिच्यात साठतो, घट्ट होतो आणि जेवण झाले की नळीवाटे आतड्यात येऊन चरबी पचवतो. या रसातले घटक कमीजास्त झाले की विहिरीच्या पाण्यातला क्षार जसा ठिबकच्या नळीत धरतो तसे त्याचे कण धरतात आणि पुढे खडे होतात. पुरुषांपेक्षा बायकांत हे जास्त होते आणि बाळंतपणांनी त्याची शक्यता वाढते. सिकलसेलच्या रुग्णांत रक्तपेशी लवकर फुटतात, त्यामुळे त्यांच्यात तरुण वयातच काळे खडे होतात. आपल्या पाड्यांवर ही गोष्ट माहीत असायला हवी.

येथे एक खबरदारीही सांगितली पाहिजे. सोनोग्राफीत खडा दिसला की लगेच ऑपरेशन, असे शास्त्र सांगत नाही. पिशवीत गप्प पडलेले, कधीही न दुखलेले खडे बहुतेकांना जन्मभर त्रास देत नाहीत. ते नुसते दिसले म्हणून पोटाला भोके पाडायला सांगणारा दुकानदार झाला. दुखणे सुरू झाले, पिशवीला सूज आली किंवा खडा नळीत उतरला, की मात्र गोष्ट बदलते.

आणि दुखणे सुरू झाले तरी ते ओळखू येत नाही. याला आपली भाषाही थोडी कारण आहे. आंबट ढेकर आला तरी आपण म्हणतो पित्त झाले, आणि पिशवीतला खडा दुखला तरी म्हणतो पित्त झाले. मग सोडा, लिंबू आणि दुकानातली गोळी. जेवणानंतर, विशेषतः तेलकट खाल्ल्यावर, वरच्या पोटात कळ यावी, ती उजव्या खांद्याच्या पाठीमागे जावी आणि काही तास टिकावी, हे साधे पित्त नव्हे. ही कळ वारंवार येत असेल तर एक सोनोग्राफी करून घ्या. नळी अडण्याआधी तो खडा सापडला तर पुढचे सगळे रामायण टळते.

येथे तासांचा हिशेब आहे

नळी अडली आणि तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले की रोग दुसऱ्याच वर्गात जातो. थंडी वाजून ताप, पोटात दुखणे आणि कावीळ ही तीन लक्षणे एकत्र आली तर नळीत पू होतो आहे असे समजावे, हे फ्रान्सच्या शार्को या डॉक्टरांनी १८७७ साली लिहून ठेवले. यात रक्तदाब उतरला, माणूस बरळू लागला, तर प्रतिजैविकाची सुई एकटी पुरी पडत नाही. गळू फोडल्याशिवाय जसा ताप उतरत नाही, तसा नळीचा निचरा झाल्याशिवाय हा माणूस वाचत नाही. खडा आणखी खाली, स्वादुपिंडाच्या वाटेवर अडकला तर स्वादुपिंडाला सूज येते, आणि तीही जिवावर बेतू शकते.

पूर्वी निचरा करायचा म्हणजे पोट उघडायचे. आधीच खचलेल्या रुग्णाला मोठी भूल द्यायची, नळी कापायची, खडा काढायचा आणि रबरी नळी बाहेर ठेवायची. १९७४ साली जर्मनी आणि जपान या दोन देशांतल्या डॉक्टरांनी वेगळी वाट काढली. तोंडावाटे दुर्बीण घालून जठराच्या पुढे आतड्याच्या पहिल्या वळणापर्यंत जायचे. तेथे पित्तनलिकेचे बारीक तोंड दिसते. त्यात तार घालायची, रंगद्रव्य सोडून एक्सरेवर नळी पाहायची, तोंड विजेच्या तारेने थोडे रुंद करायचे आणि फुगा किंवा जाळी घालून खडा आतड्यात ओढून टाकायचा. रुग्ण फारच खचलेला असेल तर खड्याच्या मागे न लागता प्लास्टिकची छोटी नळी, म्हणजे स्टेंट, बसवून फक्त निचरा सुरू करायचा. पोटावर टाका नाही. याला ई.आर.सी.पी. म्हणतात.

याचा फरक किती पडतो? १९९२ साली हाँगकाँगच्या डॉक्टरांनी नळीत पू होऊन गंभीर झालेल्या ८२ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांचा निचरा पोट उघडून केला, निम्म्यांचा दुर्बिणीतून. पोट उघडलेल्यांपैकी ३२ टक्के रुग्णालयातच दगावले, दुर्बिणीवाल्यांपैकी १० टक्के. म्हणजे शंभरातली बावीस माणसे केवळ पद्धत बदलल्याने घरी गेली. आज या विषयातल्या तज्ज्ञांचा दंडक असा आहे की जंतुदोषाने रक्तदाब उतरलेल्या रुग्णाचा निचरा १२ तासांच्या आत व्हावा, मध्यम आजारी असेल तर ४८ ते ७२ तासांत.

१२ तास! खडवलीच्या पलीकडच्या पाड्यावर हा आकडा वाचून बघा. संध्याकाळी थंडी वाजली. रात्री वाट पाहिली. सकाळी गावातल्या डॉक्टरची सुई. दुपारी सोनोग्राफी, तीही मशीन आणि डॉक्टर दोन्ही जागेवर असले तर. संध्याकाळी "मोठ्या हॉस्पिटलला न्या" अशी चिठ्ठी. मग मोठे म्हणजे कोणते, याचा शोध. यात १२ तास कधीच संपलेले असतात, आणि दुर्बीण अजून कपाटातच असते. मृत्यूच्या दाखल्यावर जंतुसंसर्ग असे लिहिले जाते. वाटेत गेलेल्या तासांची नोंद कुठेच होत नाही.

दुर्बीण ही श्रीमंतांची चैन नव्हे

हा विषय काढला की शहरातले शहाणे लोक एक वाक्य टाकतात. गरीब देशाला एवढी महागडी यंत्रे कशाला? आधी गोळ्या-औषधे तरी पोचू द्या. ऐकायला हे मोठे लोकहितवादी वाटते. पण याच मुंबईत या वाक्याला कृतीने उत्तर देऊन ठेवलेले आहे.

३१ मे १९९० रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी भारतातले पहिले दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचे ऑपरेशन केले. जगात ही गोष्ट तेव्हा नवीनच होती. जर्मनीत म्यूहे यांनी १९८५ साली आणि फ्रान्समध्ये मूरे यांनी १९८७ साली ती केली होती. बर्लिनला लांगेनबुख यांनी पोट उघडून पहिले पित्ताशय काढले ते १८८२ साली. म्हणजे शंभर वर्षे जी गोष्ट वीतभर चिरा देऊन होत होती ती तीन-चार छोट्या भोकांतून होऊ लागली, आणि आपल्याकडे तिचा आरंभ पंचतारांकित इस्पितळात झाला नाही, सरकारी रुग्णालयात झाला. हे मुद्दाम लक्षात ठेवा. डॉ. उडवाडिया पोटाच्या तपासणीसाठी ही दुर्बीण १९७२ सालापासून वापरत होते. त्यांचे म्हणणे असे होते की ही पद्धत गरिबालाच जास्त हवी, कारण हातावर पोट असलेला माणूस तिच्यामुळे लवकर कामाला लागतो. २०२३ साली ते गेले. त्यांचे हे म्हणणे अमलात आणायचे काम आपल्यावर आहे.

शेतकऱ्याच्या हिशेबाने बघा. मोठा चिरा दिला की आठवडाभर खाटेवर आणि पुढे दीड-दोन महिने वजन उचलायचे नाही. आवणीच्या दिवसांत घरातली बाई दीड महिना चिखलात उतरली नाही तर त्या वर्षीचे शेत कोण लावणार? मजूर लावायचा तर मजुरी, आणि तीही वेळेवर मजूर मिळाला तर. दुर्बिणीचे ऑपरेशन झालेला माणूस सगळे नीट पार पडले तर एकदोन दिवसांत घरी येतो आणि एकदोन आठवड्यांत हलक्या कामाला लागतो. नोकरदाराला भरपगारी आजारपणाची रजा असते, तो मोठा चिरा परवडवून घेईल. रजा नसलेल्या माणसाला तो परवडत नाही. मग दुर्बीण चैन कोणाची आणि गरज कोणाची?

शेतमालाचा उत्पादनखर्च काढताना सरकार बियाणे धरते, खत धरते, बैल धरते, घरच्या माणसांची मजुरीही कागदावर धरते. पण ती मजुरी करणारे शरीर दुरुस्त करण्याचा खर्च कोणत्याच रकान्यात नाही. पंपाची दुरुस्ती खर्चात बसते, पंप चालवणाऱ्याची बसत नाही. तो खर्च मग दागिना मोडून, बैल विकून आणि आपल्या या कल्याण पट्ट्यात गुंठा विकून भागतो. पंपाच्या दुरुस्तीसाठी गुंठा विकलेला आम्ही पाहिला नाही. ऑपरेशनसाठी विकलेले पाहिले आहेत.

अर्धे काम आणि विसरलेली नळी

आता एक गोष्ट आपल्या स्वतःच्या घरासाठी, कारण येथे दोष फक्त सरकारचा नाही.

दुर्बिणीने नळीतला खडा काढला, कावीळ उतरली, भूक लागली. आता माणूस म्हणतो, झाले. पित्ताशयाचे ऑपरेशन दिवाळीनंतर बघू, झोडणी झाली की बघू. पण खडे बनवणारी पिशवी जागच्या जागी आहे. चारीतला गाळ काढला आणि वरचा ओहोळ तसाच ठेवला तर गाळ परत येणारच. नेदरलँड्समध्ये याची चाचणी झाली, ती २००२ साली प्रसिद्ध आहे. खडा दुर्बिणीने काढल्यावर ज्यांचे पित्ताशय काढले नाही त्यांच्यापैकी ४७ टक्क्यांना दोन वर्षांत पुन्हा पित्ताचा त्रास झाला. ज्यांचे काढले त्यांच्यात हे प्रमाण २ टक्के. म्हणून प्रकृती झेपत असेल तर दोन्ही कामे एकाच मुक्कामात, निदान थोड्या दिवसांच्या अंतराने, उरकून घ्यावीत. रुग्णालयानेही रुग्णाला "दोन महिन्यांनी या" म्हणून वाटेला लावू नये. दोन महिन्यांनी तो येतो तो पुन्हा पिवळा होऊन.

दुसरी गोष्ट स्टेंटची. प्लास्टिकचा स्टेंट कायमचा नसतो. साधारण तीन महिन्यांत तो काढावा किंवा बदलावा लागतो. पोटात राहिला तर त्यावर गाळ बसतो, तो तुंबतो, आणि ज्यासाठी तो घातला तेच संकट पुन्हा येते. पोटात स्टेंट आहे हेच अनेकांना ठाऊक नसते, कारण कागद इंग्रजीत असतो आणि सांगणारा घाईत असतो. तेव्हा सुट्टी मिळताना विचारा: पोटात काही ठेवले आहे का? कधी काढायचे? ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहा, बैलाच्या लसीची लिहितो तशी.

धोके लपवून आम्ही कोणाला दुर्बिणीकडे ढकलणार नाही. ई.आर.सी.पी.नंतर शंभरातल्या काही जणांना स्वादुपिंडाची सूज येते. कधी रक्तस्राव होतो, क्वचित आतड्याला भोक पडते. दुर्बिणीच्या ऑपरेशनात क्वचित पित्तनलिकेलाच इजा होते, आणि कधी सर्जनला मध्येच पोट उघडावे लागते. ते त्याचे अपयश नव्हे, ते त्याचे शहाणपण असते. नळीत खडा आहे का हे नुसते पाहण्यासाठी आता ई.आर.सी.पी. करत नाहीत; त्यासाठी रक्त, सोनोग्राफी आणि गरज पडली तर एम.आर.आय. पुरते. ही दुर्बीण काम करण्यासाठी आहे. आणि हे काम सराईत हाताचे आहे. म्हणूनच आम्ही गावोगाव ई.आर.सी.पी. मागत नाही. माती परीक्षणाची प्रयोगशाळा बांधाबांधावर नसते; पण नमुना घेणारा, पोचवणारा आणि उत्तर आणणारा रस्ता असावा लागतो. आम्ही तो रस्ता मागतो आहोत.

पाणी जाते, इलाज येत नाही

हा रस्ता अवघड आहे असे आम्हाला सांगू नका. भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे. तेथून सोडलेले पाणी नदीपात्राने खडवलीवरून खाली पिशाच्या बंधाऱ्यापर्यंत येते, तेथून उचलले जाते, पांजरापूरला शुद्ध होते आणि मोठमोठ्या जलवाहिन्यांतून मुंबईला जाते. मुंबईच्या रोजच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा हा एकटा भातसा उचलतो. रात्री दोन वाजता तेथे काही बिघडले तर अभियंते धावतात. धावलेच पाहिजे, लाखो लोकांचे पाणी आहे ते. रेल्वे तर वासिंदपर्यंत १८५५ सालीच पोचली. म्हणजे आमच्या खोऱ्यातून मुंबईकडे जायच्या वाटेत काही अडले तर रातोरात मोकळे करायची व्यवस्था या राज्याला उभी करता येते. मग त्याच खोऱ्यातल्या माणसाची बोटाएवढीही जाड नसलेली नळी अडली तर ती १२ तासांत मोकळी करायची व्यवस्था का होत नाही?

उत्तर मिळते: योजना आहे ना! आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ साली राज्यभर आली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. पांढरी शिधापत्रिका असलेल्या शेतकऱ्याला तिचा लाभ दिला, पण तो मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांतच. ठाण्याचा पांढऱ्या कार्डाचा शेतकरी कित्येक वर्षे बाहेर उभा होता. २०२३ साली सर्व शिधापत्रिकाधारकांना आत घ्यायचा आणि संरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांवर न्यायचा निर्णय झाला. चांगला निर्णय आहे, त्याचे स्वागत आहे. पण पाच लाखांचे कार्ड हे दुर्बिणीचे टोक नव्हे. यादीत नाव असणे वेगळे आणि रात्री दार उघडणे वेगळे. हमीभाव जाहीर झाला आणि खरेदी केंद्र उघडलेच नाही तर काय होते ते आपल्याला कोणी शिकवायला नको. व्यापारी म्हणेल त्या भावाला माल जातो. येथेही तेच. कार्ड खिशात आणि हातात अनामतीची पावती.

जिल्हा बैठकीपुढे ठेवायच्या मागण्या

१. गोवेलीचे ग्रामीण रुग्णालय आणि शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय येथे कामाच्या प्रत्येक दिवशी सोनोग्राफी करणारा डॉक्टर हजर असावा. बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज या रक्ततपासण्यांचे उत्तर त्याच दिवशी मिळावे. या दोन गोष्टींनी दोन काविळी वेगळ्या होतात.

२. अडलेल्या नळीचा संशय येताच तेथेच सलाईन, प्रतिजैविक आणि के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन सुरू व्हावे. पित्त आतड्यात पोचले नाही की हे जीवनसत्त्व शरीरात शोषले जात नाही आणि रक्त लवकर गोठत नाही. हे काम तालुक्यात होऊ शकते, त्याला मुंबई लागत नाही.

३. जिल्ह्यातल्या निदान एका सार्वजनिक रुग्णालयात ई.आर.सी.पी. करणारे पथक सर्व दिवस, रात्रीसुद्धा बोलावता येईल असे असावे. ते जेथे असेल त्या रुग्णालयाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर मराठीत रंगवावा. एखाद्या दिवशी पथक नसेल तर सरकारने खाजगी रुग्णालयाशी आधीच लेखी करार केलेला असावा. रुग्णाला स्वतः शोधत फिरावे लागू नये.

४. १०८ च्या गाडीने अशा रुग्णाला जवळच्या दाराशी नुसते उतरवू नये. जेथे निचरा होतो तेथेच थेट पोचवावे.

५. खडा काढणे आणि पित्ताशय काढणे ही दोन्ही कामे योजनेत एकाच मुक्कामात मंजूर व्हावीत. योजनेच्या रुग्णाकडून अनामत घेणाऱ्या रुग्णालयावर कारवाई व्हावी.

६. स्टेंट बसवलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंदवही ठेवावी, त्याला मराठीत कार्ड द्यावे आणि तारीख आली की आशाताईमार्फत निरोप जावा.

यातली एकही मागणी आकाशातला चंद्र मागणारी नाही. पाच मागण्यांना माणसे, करार आणि शिस्त लागते; एकीला यंत्र लागते. जिल्ह्याची लोकसंख्या पाहता ते यंत्र एक दिवसही रिकामे बसणार नाही.

आणि मागण्या करून घरी जायचे नाही. दर गावच्या शाखेने आजपासून तीन कामे करावीत. पहिले, पावसाळ्यात पाणी उकळून प्या असे सांगतो तेव्हा दुसऱ्या काविळीचेही सांगायचे: डोळे पिवळे, शौच पांढरट, लघवी गडद आणि त्यात थंडी-ताप, तर त्याच दिवशी दवाखाना. वय झालेल्या माणसाला न दुखता कावीळ झाली तरी तपासायचेच, कारण नळी कधी गाठीनेही अडते. दुसरे, गावात ज्याच्या पोटात स्टेंट आहे त्याची तारीख शाखेच्या वहीत लिहायची. तिसरे, असा रुग्ण न्यावा लागला तर कोणत्या दारावर किती तास गेले ते घड्याळ पाहून लिहून ठेवायचे. भाताच्या वजनकाट्यावर उभे राहून मापात पाप पकडायला आपण शिकलो, तसे हे तास मोजायला शिकायचे आहे. पुढच्या जिल्हा बैठकीत प्रत्येक शाखेने ही वही घेऊन यावे. अधिकाऱ्यांपुढे आपण भाषण ठेवणार नाही, वही ठेवणार आहोत.